ताटात किती, अंगात किती

माझ्या आजारपणाच्या तीन हकीकती सध्या सोनईत आणि आमच्या भावकीत फिरत आहेत. पहिली माझ्या मुलाची, दिलीपची: आई गेल्यावर आबांनी अन्न सोडले होते, आम्ही वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचले. दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची: तिने शिर्डीला नवस बोलला आणि उतार पडला. तिसरी कारखान्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांची: साहेबांनी डॉक्टरांच्या आधी स्वतः आकडेमोड करून आपला रोग ओळखला.

पहिली हकीकत चुकीची आहे. दुसरीबद्दल इतकेच सांगतो की नवस बोलला गेला तेव्हा रिपोर्ट माझ्या उशाखाली येऊन पडला होता. बहिणीची श्रद्धा मोडण्याची मला इच्छा नाही, पण घटनांचा क्रम मोडलेला मला चालत नाही. तिसरी हकीकत ऐकायला गोड आहे. ती पसरवण्यात माझाही हात होता, हे इथेच कबूल करून ठेवतो.

वजन कारणाशिवाय उतरते आहे आणि घरात कोणी आपले ऐकत नाही, अशा अवस्थेत जे असतील त्यांना या लेखाचा उपयोग व्हावा. सहानुभूती नको आहे.

आच मोजण्याचे काम

मी चौतीस वर्षे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. बॉयलरमध्ये बगॅस जळते, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा भुसा. त्या भुशात किती उष्णता आहे हे मोजणे माझ्याकडे होते. एक ग्रॅम वाळवलेला नमुना जाड पोलादी भांड्यात ठेवायचा, आत प्राणवायू भरायचा, भांडे पाण्यात बुडवायचे आणि विजेची ठिणगी द्यायची. नमुना आत जळून जातो आणि बाहेरचे पाणी किंचित तापते. ते किती तापले यावरून नमुन्यातली उष्णता काढता येते. कोळसा घाला, भुसा घाला, ज्वारीचे पीठ घाला. भांड्याला त्यातला फरक कळत नाही. एकदा हंगाम संपल्यावर मी माझ्या डब्यातली चतकोर भाकरी वाळवून त्यात जाळून पाहिली होती. घरी येऊन कौतुकाने सांगितले, तर शांताने, म्हणजे माझ्या पत्नीने, दोन दिवस अबोला धरला. "जाळाया दिली हुती का मी भाकर?" एवढेच ती म्हणाली.

या कामाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी की ओला भुसा वजनाला भारी असतो आणि आचेला हलका. म्हणून ओलावा वजा केल्याशिवाय कोणताही आकडा खरा मानायचा नाही. दुसरी गोष्ट वहीची. चुकलेला आकडा खोडायचा नाही की खरवडायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ, वर खरा आकडा, बाजूला चूक करणाऱ्याची सही आणि ती पाहणाऱ्याची सही. एका वरिष्ठाने मला ओलाव्याचा आकडा "जरा बसवून" लिहायला सांगितले, तेव्हा मी वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "आपल्या अक्षरात लिहा." त्याने लिहिले नाही. मीही लिहिले नाही.

हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे याची गरज पडणार आहे.

ताट रिकामे, माणूसही

शांता गेली त्यानंतरच्या आठ महिन्यांत माझे वजन अडुसष्टवरून साठावर आले. पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली. दिलीप शिक्षक आहे. निदान न करता उपदेश करण्याची त्याला सवय आहे. तो म्हणे, "आबा, मनाला लावून घेऊ नका. दोन घास जास्त खा." मी खातच होतो. भूक तर अशी लागे की जेवून तासाभरात पुन्हा स्वयंपाकघराकडे पाय वळत.

सुनेने मात्र उपदेश केला नाही. मीरा पाथर्डीकडची. दिलीपने तिच्याशी लग्न ठरवले तेव्हा मी महिनाभर आडवा आलो होतो. कारण लिहिताना आज लाज वाटते. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला येत. ज्या उसाचा भुसा मी तोलत होतो, तो ऊस तोडणाऱ्यांच्या घरी सोयरीक मला कमीपणाची वाटली. तिने हे मला कधी बोलून दाखवले नाही. तिची जीभ इतर विषयांवर पुरेशी चाले.

"आबा, झालं जेवण?"

"ताट बघ. रिकामे आहे."

"ताट रिकामं हाय, पर तुमी बी रिकामंच दिसताय."

त्या दिवसापासून मी वही सुरू केली. प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलायचा, तक्त्यावरून त्याची उष्णता काढायची आणि लिहायचे. दिवसाची बेरीज अडीच हजार कॅलरींच्या आसपास येई. बसून राहणाऱ्या म्हाताऱ्याला हे भरपूर होते. तरी वजन उतरतच राहिले. आत गेलेले जळण आणि मिळालेली आच यांचा मेळ बसत नव्हता. कारखान्यात असे झाले की आम्ही बॉयलर थांबवून गळती शोधत असू. इथे मला वाटले, वही दाखवली की डॉक्टरही तेच करतील.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

नगरला एका मोठ्या दवाखान्यात दिलीपने मला नेले. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, साखर पाहिली. मोठे काही सापडले नाही. डॉक्टर वयाने दिलीपएवढे असतील.

"आजोबा, भूक लागते का?"

"लागते. आणि मी आपला आजोबा नाही."

दिलीपने माझ्या वतीने माफी मागितली आणि माझ्यादेखत सांगितले, "आई गेल्यापासून असंच आहे, सर. जेवतो म्हणतात, पण..." मी वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी दोन पाने चाळली आणि हसून विचारले, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

चौतीस वर्षांत माझ्या आकड्याला असे कोणी विचारले नव्हते. मी उठून बाहेर आलो. हा माझा दोष. बसून राहिलो असतो, तर कदाचित पुढचा प्रश्नही विचारला गेला असता.

मनाच्या गोळ्या लिहून मिळाल्या. त्यांनी झोप येई, पाय लटपटत. सहा आठवड्यांत मी चौपन्न किलोंवर आलो आणि न्हाणीघरात पडलो. मग त्याच दवाखान्यात भरती केले.

वॉर्डाची दिनचर्या ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको. सहाला थर्मामीटर, सातला चहा, आठला मला धरून काट्यावर उभे करणे. आकडा पाहून नर्स ओठ मुडपून लिहीत असे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिलीपला दारापाशी बोलावून सांगितले, आणि मला ऐकू आले: पाच दिवस पाहू; वजन सावरले नाही तर नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागेल, आणि मग पुण्याला मनोविकारांच्या विभागात हलवू. दिलीपने मान डोलावली.

नळीची भीती वाटली. त्याहून मोठी भीती अशी की एकदा त्या विभागात गेलो, की मी म्हणेन ते सगळे रोगाचे लक्षण ठरेल. गळती शरीरात कुठे तरी होती. ती कोणी शोधणार नव्हते आणि मी आकड्याआकड्याने संपणार होतो.

मी दिलीपला जवळ बोलावले. "माझ्या वहीवर विश्वास नसेल, तर दुसरी वही सुरू करा. नमुना एक, मोजणारे दोन. एकमेकांचे आकडे पाहायचे नाहीत. पाचव्या दिवशी डॉक्टरांसमोर उघडायच्या."

"कोण मोजणार, आबा? मला शाळा आहे."

"मी मोजते की," मीरा म्हणाली. ती डबा उघडत होती. "माझ्या आईचं माप सोपं हाय. एका भाकरीवर उसाच्या पंधरा मोळ्या. हात जड झाले, की समजायचं भाकर संपली. आबा दिसाला पाच भाकरी खात्यात अन् कुशीवर व्हायला बी मानूस लागतंय. मंग पाच भाकरी गेल्या कुठं?"

माझ्या एवढ्या महिन्यांच्या वहीतला प्रश्न तिने एका दमात विचारला होता. मला तो तेव्हा आवडला नाही.

पाच दिवस

मीरा सकाळ-संध्याकाळ सोनईहून एसटीने डबा आणी. मी माझ्या काट्यावर तोलून लिहीत असे. ती घरी काय लिहिते ते मला ठाऊक नव्हते. उरलेले ती डब्यासकट परत नेई.

तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर माझे वजन दीड किलोने वाढलेले निघाले. दिलीप शाळेत जाण्याआधी आला होता. त्याचा चेहरा उजळला. "बघा! दोन दिवस नीट जेवलात तर!" मी पाय पलंगावर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हा ओला भुसा आहे," मी म्हणालो. "अंगात पाणी साठले आहे. वजन वाढले, माणूस नाही."

"आबा, वजन घटलं तरी भांडण, वाढलं तरी भांडण!"

तो निघून गेला. सूज पाण्याचीच आहे, अंगातली प्रथिने घटल्यामुळे आली आहे, असे त्याच दिवशी डॉक्टरांनीही सांगितले. ते ऐकायला तो नव्हता. काटासुद्धा माझ्याविरुद्ध साक्ष देऊ लागला, असे वाटले. इतका एकटा मी शांता गेली तेव्हाही नव्हतो. दुपारी मी सकाळच्या डब्यातले जेवण काढले. वहीत नेहमीप्रमाणे नोंद केली.

पाचव्या दिवशी दोन्ही वह्या उघडल्या. मला आधी तपासलेले तेच मोठे डॉक्टर होते, सोबत एक तरुण डॉक्टरबाई, दिलीप आणि मीरा. मीराने उष्णतेचे आकडे काढले नव्हते, फक्त वजने लिहिली होती. डॉक्टरबाईंनी मोबाईलवर त्यांची उष्णता काढून बेरीज केली. माझी रोजची सरासरी अडीच हजार. मीराची अठराशेच्या आत.

"सातशेचा फरक आहे, आजोबा," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. त्या सौम्यपणाचाच राग आला. दिलीपने खाली पाहिले. सगळे संपले, हे मला कळले.

मीरा माझी वही चाळत होती. "आबा, भाकरीचं कसं धरलं तुमी?"

"तोलून. शंभर ग्रॅमला साडेतीनशे."

"ते पिठाचं. मी पीठ मोजलंय, मळायच्या आधी."

"भाकरी पिठाचीच असते."

"अन् पानी? परातीत मी तांब्यानं वतते, ते कुठं जातंय?"

चौतीस वर्षे मी कोणाला ओला भुसा कोरड्याच्या नावाने खपवू दिला नव्हता. तीच भाकरी एके काळी वाळवून जाळली होती. आणि घरी एवढे महिने ओली भाकरी तोलून तिला कोरड्या पिठाची आच लावत बसलो होतो.

"हसू नकोस," मी म्हणालो.

"हसत न्हाई, आबा. डबा बांधतीय."

डॉक्टरबाईंनी पाणी वजा करून माझे आकडे पुन्हा मांडले. चार दिवसांचे दोन्ही वह्यांतले आकडे घासाघासाने जुळले. तिसरा दिवस जुळेना. माझ्या वहीत एक जेवण जास्त होते. दिलीपने त्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हा दिवस?"

मीरा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ते माझं चुकलं असंल. त्या दिशी बसच्या गडबडीत नीट मोजलं न्हाई."

तो विषय तिथेच मिटला.

डॉक्टरबाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, अठराशे धरले तरी पुरेसे आहेत. ते जेवत आहेत." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "शौचाला कसं होतं?"

मी चादर नीट करू लागलो.

मीराने पिशवी उचलली. "आबा, तुमीच सांगितलं हुतं, बॉयलरची राख बघून कळतंय किती जळलं न्हाई ते. मी भायेर थांबते. सांगा बाईंना."

ती गेल्यावर मी सांगितले. फिकट, चिकट, तेलकट; पाण्यावर तरंगते, दोन बादल्या ओतल्या तरी जात नाही; वास असा की मी खिडकी उघडी ठेवून बाहेर येत असे. किती दिवस? आठ-नऊ महिने. कोणाला सांगितले होते? कोणालाही नाही. जळण घासाघासाने तोलणाऱ्या माणसाने राखेबद्दल तोंड उघडले नव्हते. कारण राख स्वतःची होती.

मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले. "हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, काका," ते म्हणाले. 'काका' मी चालवून घेतले.

दोन दिवस

स्वादुपिंडातून पाचक रस येत नाही, म्हणून खाल्लेली चरबी न पचता निघून जाते, अशी शंका त्यांनी सांगितली. शौचाचा नमुना पुण्याला गेला. पोटाचा स्कॅन झाला. रस का येत नाही, याची कारणे विचारली तेव्हा डॉक्टरांनी तीन सांगितली आणि चौथे सांगायच्या आधी दिलीपकडे पाहिले. चौथे मला कळले.

स्कॅनचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. मी बरोबर ठरलो होतो आणि बरोबर ठरल्याचा काडीचाही आनंद नव्हता. अन्न सोडल्याचा आरोप परवडला, असे एकदा वाटून गेले. दिलीपने रजा टाकली. तो पलंगाशेजारी बसून राही. दुसऱ्या दिवशी त्याने माझे पाय मांडीवर घेतले, नडगीवर अंगठा दाबला आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहत राहिला. माफी त्याने मागितली नाही. मीही ती मागून घेतली नाही.

रिपोर्ट आला. गाठ नव्हती. स्वादुपिंड जुन्या सुजेने आक्रसले होते, त्यात खडे धरले होते. ते पूर्ववत होणार नाही. पण जो रस शरीर बनवत नाही तो कॅप्सूलमध्ये मिळतो. पहिल्या घासाबरोबर एक, अर्ध्या जेवणात एक. आयुष्यभर.

पहिले तीन आठवडे वजन हलले नाही, उलट सूज उतरून ते कमी झाले. दिलीप घाबरला. मी म्हणालो, "ओलावा जातो आहे. थांब." चौथ्या आठवड्यात काटा वर सरकला. आज मी बासष्ट किलो आहे आणि पट्ट्याचे एक भोक मागे आलो आहे.

ज्यांना हे उपयोगी पडेल त्यांना एवढेच सांगतो: डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण सांगावे. लाज वाटते ती गोष्ट आधी सांगावी.

तिसऱ्या दिवसाची नोंद

हे लिहायला बसलो तेव्हा लेख वरच्या ओळीवर संपवायचा असे ठरवले होते. कारखान्यातले सहकारी भेटायला आले, त्यांना मी तो तिथेच संपवून सांगितला होता, आणि भाकरीतले पाणी मलाच आठवले, असे सांगितले होते. तिसरी हकीकत तिथून निघाली.

त्या दुपारी मी जेवलो नव्हतो. डबा उघडला, भाकरी तोलली, आकडा लिहिला आणि सगळे कागदात गुंडाळून पलंगाखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. भूक होती. जगायची इच्छा त्या एका दुपारपुरती नव्हती. म्हणजे दिलीपची हकीकत आठ महिन्यांसाठी चुकीची आणि एका जेवणापुरती खरी आहे. मीरा संध्याकाळी आली, तिने बादली पाहिली आणि काही न बोलता आपल्या वहीत खरा आकडा लिहिला. पाचव्या दिवशी तिने खरे सांगितले असते, तर नळी आणि पुणे दोन्ही ठरलेले होते. तिने चूक आपल्या नावावर घेतली, आणि आकडा बसवायला नकार देणारा मी ती घेऊ दिली.

आज सकाळी मी ती वही काढली. तिसऱ्या दिवसाच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, वर खरा आकडा लिहिला, बाजूला सही केली आणि वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मीरा पीठ काढत होती. तिने पान वाचले.

"कशाला, आबा? कोन बघनार हाय आता?"

"दोन सह्या लागतात. करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची."

"अन् त्या मानसांना काय सांगनार? तुमच्या कारखान्याच्या?"

"लिहून देतो आहे."

तिने हात पदराला पुसले, पण नीट पुसले गेले नाहीत. पेन घेऊन तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिले आणि वही माझ्या हातात दिली. "गोळी घ्या. पहिली भाकर टाकतीय."

तिच्या सहीजवळ पिठाचा एक ठसा उमटला आहे. तो मी झटकलेला नाही. पीठ कोरडे आहे.